शिलेखान्यातला कंपास

ज्या साली पुण्यात मेलेल्या उंदरामागे माणसापेक्षा मोठी मिरवणूक निघू लागली, म्हणजे पुढे चिमटा धरलेला शिपाई, मागे रॉकेलचा डबा घेतलेला दुसरा, त्यामागे डॉक्टर आणि शेवटी नाकाला रुमाल लावलेला साहेब, त्या साली आमचे इंजिनियरिंगचे कॉलेज प्लेगपायी बंद झाले आणि मी माळव्यात, धारेस घरी आलो. बरोबर वळकटी, ड्रॉइंगचा फळा, त्यावर ताणून बसवलेला कागद, कंपासची पेटी आणि माझ्या डोक्याहून वीतभर उंच असा टी-स्क्वेअर, म्हणजे रेघा मारायची आडव्या डोक्याची लाकडी पट्टी. खरे म्हणजे तो माझ्या कमरेच्या जरासा वर येई. पण महूपासून धारेपर्यंत टांग्यात तो मांडीवर आडवा धरून जो बसला असेल त्यानेच त्याची लांबी सांगावी. समोरून येणाऱ्या गाड्या आम्हाला वाट देत होत्या. टांगेवाल्याने सगळ्या रस्त्यात एकदाच मागे वळून पाहिले.

"भिया, यो हल है के तरवार?"

मी म्हटले, "नांगर नाही, तलवार नाही. ह्याने इंजिन काढतात."

"तो फेर काढ नी एक," तो म्हणाला, "म्हारो घोडो थकी ग्यो."

मी मेकॅनिकलला होतो. धारेत या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या घरात जे मोडले असेल त्यावरून लावला होता. मी आल्याचे कळताच दोन घड्याळे, एक अडकित्ता आणि न्यायाधीशांच्या मातोश्रींची कवळी एवढ्या वस्तू दुरुस्तीला आल्या. कवळी मी परत पाठवली, तर मातोश्रींनी सगळ्या आळीत सांगितले की मुलाला अजून दातांपर्यंत शिकवलेले नाही.

माझे खरे काम त्या कागदावर होते. वाफेच्या आडव्या इंजिनाचे चित्र: सिलिंडर, दांडा, आणि उजव्या अंगाला परातीएवढे मोठे चाक. पेन्सिलीचे काम झाले होते, शाईचे राहिले होते. आमच्या गोऱ्या प्रोफेसरांनी निघताना बजावले होते की कॉलेज उघडेल त्या दिवशी हा कागद शाईने पुरा होऊन टेबलावर आला नाही तर टर्म मिळणार नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेले. आणि वर्ष गेले म्हणजे काय, ते वडिलांनी आधीच ठरवून ठेवले होते.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादा दरबारच्या शिलेखान्याचे कारकून. तिथल्या तलवारी, पट्टे, ढाली, तोड्याच्या बंदुका त्यांच्या ताब्यात. लढाई होऊन इतकी वर्षे लोटली होती की शत्रू कोण हे कोणाला आठवत नव्हते. गंज मात्र रोज चाल करून येई, आणि त्याच्याशी दादा तेलाच्या फडक्याने एकटे लढत. मला पुण्यास धाडण्याच्या खर्चाला दरबारची मंजुरी मिळाली त्या दिवशी भर कचेरीत, कोणी मागितलेली नसताना, त्यांनी जबान दिली: "पोराचं एक वर्ष जरी बुडालं, तरी त्याला माझ्या शेजारी गंज घासायला बसवीन." दादांची जबान म्हणजे दादांची जबान. एकदा लग्नाच्या पंगतीत 'मी काही आता जिलबी खात नाही' असे म्हणून गेले, तर पुढे माझ्या मुंजीतही त्यांनी जिलबी खाल्ली नव्हती.

तर नवरात्राचे सगळे दिवस मी शाईसाठी राखून ठेवले होते. घटस्थापनेच्या सकाळी आंघोळ केली, शाईची कांडी उगाळली, फळा खिडकीशी मांडला आणि पेटीकडे हात केला. पेटी नव्हती. टी-स्क्वेअर नव्हता.

"दादांनी नेलं," आई चुलीपाशून म्हणाली. "शिलेखान्यात. बसवायला."

ज्यांनी मराठ्यांच्या गादीच्या गावात नवरात्र काढलेले नाही त्यांना 'बसवायला' या शब्दाने घाम फुटणार नाही. मला फुटला. आमच्या शिलेखान्याची रीत अशी की घट बसले की शस्त्रे बसतात. लाल कापडावर मांडली, फुले वाहिली, की दसऱ्याला उठेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. तलवारीवर माशी बसली तरी दादा तिला तोंडाने विनंती करीत.

मी अनवाणी धावलो. शिलेखान्याच्या मधल्या दालनात मोठी आरास होती. आणि त्या आराशीत, दोन पट्ट्यांच्या मध्ये, झेंडूची माळ घातलेला माझा टी-स्क्वेअर. त्याच्या पायाशी उघडी पेटी, आणि पेटीतल्या प्रत्येक हत्यारावर एकेक फूल. कंपासाच्या दोन्ही पायांना कुंकू लावले होते, नव्या नवरीला लावतात तसे.

"दादा, मला काम आहे त्यांच्याशी."

"सगळ्यांनाच आपल्या शस्त्राशी काम असतं," दादा म्हणाले. "म्हणून काय कोणी बसलेलं शस्त्र उठवतं?"

"पण हे शस्त्र नाही."

"मग काय आहे, भैयासाहेब?" हा प्रश्न जमादाराचा. जमादार म्हणजे शिलेखान्याचा पहारेकरी. मिशा एवढ्या की दारातून आत येताना तो आधी डावी बाजू आणायचा, मग उजवी.

"ह्याने रेघा काढतात."

"कशाच्या?"

"इंजिनाच्या."

"म्हणजे आधी हे, आणि मग इंजिन?"

"हो."

"मग हा इंजिनाचा बापच झाला की!" असे म्हणून जमादाराने टी-स्क्वेअरला कडक सलाम ठोकला.

मी दादांना बाजूला घेऊन सगळे सांगणारच होतो. टर्म, परीक्षा, प्रोफेसर, सगळे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात दादाच हळू आवाजात म्हणाले, "आजवर दुसऱ्यांची शस्त्रं पुसली रे. वडिलांनीही तेच केलं. आपल्या घराण्याचं स्वतःचं शस्त्र आज पहिल्यांदा बसलंय."

मी टी-स्क्वेअरला नमस्कार केला आणि घरी आलो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. धारेत तसली दुसरी पेटी एकच होती, ती ओव्हरसियरसाहेबांची. आणि ते रस्त्याच्या कामावर कुक्षीकडे गेलेले. मी रोज सकाळी शिलेखान्यात जाऊन, रांगेत उभा राहून, माझ्याच कंपासाचे दर्शन घेत असे. रांग खरोखर होती. पहिल्या दिवशी बघे आले, दुसऱ्या दिवशी भाविक. एक आजीबाई टी-स्क्वेअरपुढे पदर पसरून सुनेला मुलगा मागत होत्या. मी मागे उभा राहून फक्त शाई करायला एक दिवस मागत होतो. आजीबाईंचा नवस फळाला आला, असे पुढे ऐकले. देव मागणाऱ्याचे वय बघतो.

नवमीला कोहळा असे. बसलेल्या प्रत्येक शस्त्राला उठण्याआधी कोहळ्याचा स्पर्श करायचा, म्हणजे ते वर्षभर भुकेले राहत नाही. राजेसाहेबांच्या तलवारीला नुसते टेकवत. बाकीच्यांना जमादार आपल्या उत्साहाप्रमाणे टेकवी. आणि जमादाराचा उत्साह कोहळ्याला माहीत होता. मी दालनात खांबाला धरून उभा होतो. पट्टा झाला, बंदुकीचा दस्ता झाला, आणि जमादाराने टी-स्क्वेअर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

"जमादार, हळू!" माझ्या तोंडून निघाले.

"काळजी नको, भैयासाहेब," तो गरजला, "एका घावात दोन करतो!"

दोन झाले खरे. कोहळा होता तसा राहिला. टी-स्क्वेअरचे आडवे डोके सुटून दादांच्या पायाशी जाऊन पडले. लोकांना वाटले, हे हत्यार असेच चालते. "जय!" असा पुकार झाला. मग आला कंपास. तो जमादाराने बिछव्यासारखा मुठीत धरला आणि मुठीपर्यंत कोहळ्यात घातला. बाहेर आला तेव्हा एका पायाचे टोक आतच राहिले होते आणि दुसरा पाय ज्या दिशेला बघत होता त्या दिशेला वर्तुळ नसते. पुन्हा "जय!" दादा उपरण्याने डोळे पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मीही ओरडलो, "जय!" काय करणार?

आता उरला एकच माणूस: देवासला माझ्या मावशीचे यजमान. तेही ओव्हरसियर, त्यांच्याकडे विलायती पेटी असल्याचे मी लहानपणापासून ऐकत होतो. देवास तसेही इंदुराहून फार आडवाटेला नाही. तिथे कागद पुरा करायचा आणि उलट येऊन खांडव्याची गाडी धरायची. मी घरी सांगितले, कॉलेज उघडतेय, निघतो.

"शस्त्रं उद्या उठतील. घेऊन जा की," दादा म्हणाले.

"राहू द्या तुमच्याजवळच," मी म्हणालो.

दादांना इतका आनंद झाला की त्यांनी मला नाक्यापर्यंत पोचवले आणि वाटेत भेटेल त्याला सांगितले की पोराने आपली शस्त्रे दरबारात ठेवली.

इंदुरात दसऱ्याच्या दिवशी उतरलो. सराफ्याच्या बाजूला एका स्टेशनरीवाल्याकडे कंपास मिळेल म्हणून गेलो, तर दुकानाला तोरण. शेठ आत गादीवर बसला होता आणि त्याच्यापुढे पाटावर सगळे कंपास ओळीने मांडलेले.

"आज तो पूजा में बैठे हैं, भिया."

"कधी उठणार?"

"शुभ मुहूर्त पे," तो म्हणाला. "पंडितजी जीम रहे हैं."

पंडितजी त्या दिवशी जेवून उठले की नाही ते देवाला ठाऊक. मी देवासचा टांगा केला.

देवासची गोष्ट परक्या माणसाला सांगितली की तो मला खोटारडा म्हणतो, म्हणून मी ती मुद्दाम सांगतो. गाव एक आणि राज्ये दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, आणि कुठे कुठे रस्त्याची ही कड एका पातीत तर ती कड दुसरीत. माझ्या मावशीचे यजमान, त्यांना मी काका म्हणे, ते धाकट्या पातीचे ओव्हरसियर. त्यांच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, थोरल्या पातीचे ओव्हरसियर राहत. दोघांचा जीव एक. रोज संध्याकाळी एका ओसरीवर सोंगट्या खेळत, एकाच पानाच्या डब्यातून पान खात, आणि एकमेकांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणत.

"पेटी ना? आहे की!" काकांनी मला मिठी मारून, हातात आपट्याचे पान देऊन सांगितले. "उद्या सकाळी बस कामाला."

एकादशीच्या सकाळी त्यांनी पेटी आणली. मी उघडली. आत कंपास होता: मूठ, काट्याचा पाय, सगळे लखलखीत. पण शाईचा पाय ज्या खाचेत असतो ती खाच रिकामी होती. मोठे वर्तुळ काढायला जोडदांडी लागते, तिचीही खाच रिकामी.

"ते समोर," काका म्हणाले.

"समोर कुठे?"

"भियांच्याकडे. पूर्वी दोघांच्या कामाला मिळून एकच पेटी आली होती. मग वाटणी झाली. कंपास आमच्याकडे आला, पाय त्यांच्याकडे गेला."

वाटणीत कंपासाचे पाय वेगळे झाले, हे मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसा. मी ती रिकामी खाच बोटाने चाचपली आहे.

मी रस्ता ओलांडून गेलो. समोरच्या ओव्हरसियरांनी मला बसवले, चिवडा दिला, माझ्या मावशीच्या हातच्या चकल्यांची स्तुती केली, आणि शाईचा पाय व जोडदांडी काढून माझ्यापुढे ठेवली. मी उचलायला गेलो तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

"इथेच वापर, बेटा. सरकारी जिन्नस पातीबाहेर नेता येत नाही."

"मग काकांचा कंपास इथे आणतो."

रस्त्यापलीकडून काकांचा आवाज आला, "अरे, माझाही सरकारीच आहे!"

"भिया, एक घडीभर पाय द्या ना," मी काकुळतीने म्हणालो.

"तुझ्यासाठी जीव देईन," ते म्हणाले, आणि मला अजूनही वाटते की दिला असता. "पण पाय नाही."

शेवटी तोड निघाली ती दोघांच्या मैत्रीतूनच. फळा रस्त्याच्या मध्यावर मांडायचा. काका आपल्या हद्दीत बसून काट्याचा पाय धरणार, भिया आपल्या हद्दीत बसून शाईचा पाय धरणार, मध्ये जोडदांडी. कोणाचेही जिनसेवरून बोट सुटणार नाही. सरळ रेघा मी दुपारपर्यंत काकांची फूटपट्टी आणि रेघांचे पेन घेऊन ओसरीवर पुऱ्या केल्या होत्या; उरले होते फक्त ते चाक.

"फिरवा," मी म्हणालो.

"फिरवू कसा?" भिया म्हणाले. "अर्धं चाक तुझ्या काकांच्या हद्दीत जातंय."

तेव्हा माझ्यातला इंजिनियर जागा झाला. मी म्हणालो, कंपास हलवायचाच नाही, फळा फिरवायचा. आजही मला ती युक्ती सुचल्याचा अभिमान वाटतो, आणि ज्या माणसाला ती सुचली त्याला चार थोबाडीत द्याव्याशाही वाटतात. एकादशीलाही सोने वाटणारे फिरतच होते, टेकडीवरून माताजीचे दर्शन घेऊन उतरणारेही होते. बघता बघता रस्ता भरला. मी उकिडवा बसून, दोन्ही हातांनी, घड्याळाच्या काट्याहून हळू असा फळा फिरवू लागलो. शाईची रेघ निघू लागली. सुंदर, काळीभोर, केसासारखी.

"वाह!" कोणीतरी म्हणाले.

"बोलू नका!" दोन्ही ओव्हरसियर एकदम ओरडले.

पाव चाक झाले. अर्धे झाले. एक हत्ती आला. बरे, हत्ती नव्हता, पाण्याच्या पखाली लादलेला एक रेडा होता. पण त्या वेळी मला हत्तीच दिसला. तो फळ्याला वळसा घालून नीट गेला, त्याने काही केले नाही, त्याला उगाच दोष नको. काकांनी मात्र त्याच्या शेपटीपासून मुंडासे वाचवायला मान मागे घेतली. काट्याखालचे भोक तेवढे रुंदावले. पाऊण चाक झाले. आणि जिथून निघालो होतो तिथे रेघ परत आली तेव्हा ती आपल्या सुरुवातीला ओळखल्यासारखे न करता, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतराने शेजारून निघून गेली.

लोकांना वाटले, झाले. त्यांनी एकामागून एक पुढे येऊन मला सोने दिले, मिठ्या मारल्या, आणि एका म्हाताऱ्याने शाई ओली असतानाच आपट्याची पाने चाकावर ठेवली.

"थोडंसंच चुकलंय," काका मला म्हणाले. "भियांचा हात हलला."

"आमचा? तुमची मान हलली!" भिया म्हणाले. संध्याकाळी मात्र दोघे सोंगट्या खेळायला बसले, आणि माझ्यासाठी दोघांनाही इतके वाईट वाटत होते की कोणीच कोणाची सोंगटी मारेना.

कॉलेज उघडले त्या दिवशी पुण्यात प्रोफेसरांनी कागद टेबलावर पसरला. रेघा पाहिल्या, मान हलवली. चाकाशी येऊन नख त्या फटीवर ठेवले. पानांचे हिरवे डाग पाहिले. वास घेतला.

"इथे काय झालं?"

मला इंग्रजीत एकच शब्द सुचला, सरहद्दीचा. "फ्रंटियर, सर."

त्यांनी कागद गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले की हे चाक जर कधी फिरले, तर खोलीतून सर्वांत आधी आपण पळू. टर्म मिळाली नाही.

मी धारेस परत गेलो. खांडव्यापासून घरापर्यंत मी तोंडातल्या तोंडात एकच वाक्य घोळवत होतो की दादा, कोहळ्याने माझे वर्ष खाल्ले. खरे वाक्य होते. दारात दादा उभे होते, खांद्यावर तेलाचे फडके.

"काय रे, असा मधेच?"

"वर्ष गेलं, दादा."

"कशानं?"

आतल्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी, भिंतीला टेकून टी-स्क्वेअर उभा होता. दादांनी त्याचे डोके सुताराकडून परत बसवून घेतले होते, जरा वाकडे, आणि दांडीला तेल लावले होते. लाकडाला तेल. मी पाहिले आणि ते वाक्य गिळले.

"मला जमलं नाही," मी म्हणालो.

दादा खाली बसले. त्यांनी फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मी उद्या सकाळी कोणत्या तलवारीपासून सुरुवात करायची ते विचारणार होतो. जबान भर कचेरीतली होती. ती ऐकलेले सगळे लोक जिवंत होते आणि रोज त्यांच्या समोरून जात होते.

"अवघड असतं का रे फार?" त्यांनी विचारले.

"असतं."

"हं."

एवढेच बोलणे झाले. शिलेखान्यात मला कोणी बोलावले नाही. दादा कचेरीत जाऊन कोणाला काय म्हणाले ते मला कळले नाही. इतकेच कळले की त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत आणि पुन्हा मंजुरी मिळाली.

जूनमध्ये मी पुन्हा टांग्यात बसलो. दादा पोचवायला आले होते. नाक्यावर जमादार होता, न्यायाधीशांचे कारकून होते, आणखी चारदोन ओळखीचे लोक होते. कोणीतरी विचारलेच, "काय दादासाहेब, चिरंजीव त्याच वर्गात परत का?"

मी टांग्याच्या पाट्याकडे पाहू लागलो.

"त्यांच्या तिकडे तशीच रीत आहे," दादा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "अभ्यास इतका जबर असतो की हुशार पोरांना एकेक वर्ष दोनदा करावं लागतं. साधी पोरं एकदाच करून मोकळी होतात. काय रे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. दादांनीही पाहिले.

"हो," मी म्हणालो. "कोणाकोणाला तर तीनदा करू देतात."

टांगेवाल्याने घोडा हाकला.